डाव्या हातावरचं घड्याळ

माझ्याकडे घड्याळं किती आहेत हे मी आईला कधीच खरं सांगितलेलं नाही. तिने विचारलं की मी "असतील थोडी" म्हणते, आणि ती "थोडी म्हणं" असं पुटपुटून कपाटाकडे बघते. कपाटाचे खालचे दोन खण माझे आहेत. वरच्या खणात साड्या, त्याही बऱ्याचशा आईच्याच, कारण मला साड्यांचं वेड नाही. मला मनगटी घड्याळांचं आहे. त्यातही जुन्या, चावीच्या नाहीतर हाताच्या हालचालीवर चालणाऱ्या घड्याळांचं. सेलच्या घड्याळात माझा जीव रमत नाही. ते बापडं कुणाच्याही हातावर सारखंच चालतं.

शाळेत पोरांना भूगोल शिकवणाऱ्या बाईला हा छंद कुठून लागला असं लोक विचारतात. छंद लागला भिवपुरीला. बाबा तिथल्या पाण्यावर चालणाऱ्या वीजकेंद्रात ऑपरेटर होते आणि माझं सगळं लहानपण क्वार्टर्समध्ये गेलं. जनित्राच्या जवळ मनगटी घड्याळ नेलं की त्याच्या आतली केसाइतकी बारीक स्प्रिंग चुंबक धरते आणि घड्याळ सैरभैर पळत सुटतं. म्हणून बाबांच्या पाळीतल्या माणसांनी दाराशी एक फळी ठोकून तिला खिळे मारले होते. ज्याचा त्याचा खिळा ठरलेला. कामावर आला की माणूस आपलं घड्याळ खिळ्याला अडकवायचा आणि मग आत जायचा. मी डबा घेऊन गेले की त्या फळीसमोर उभी राहायचे. पट्ट्याचा मळ, काचेवरचा चरा, एवढ्यावरून कोणतं घड्याळ कोणत्या काकांचं हे मला कळायचं. माणसं आत आणि त्यांची घड्याळं बाहेर टिकटिकत बसलेली, हे मला फार आवडायचं. का ते आजही सांगता येणार नाही.

बाबांच्या खिळ्याला मात्र नुसती टोपी असायची. त्यांनी उभ्या जन्मात घड्याळ हातावर बांधलं नाही. होतं ते घरच्या सदऱ्याच्या खिशात. हातावर बांधलं की माणसाचं लक्ष कामाकडे कमी आणि हाताकडे जास्त असतं, असं त्यांचं म्हणणं. मी कमवायला लागल्यावर घड्याळं गोळा करायला लागले तेव्हा ते हसले होते. हात दोनच आहेत ना गं तुला, एवढंच म्हणाले.

मी लग्न केलं नाही. तो विषय आमच्या घरात बोलून बोलून संपला आहे, इथेही पुन्हा काढत नाही. बाबा निवृत्त झाल्यावर आम्ही भिवपुरी स्टेशनापासून थोडं आत, भाताच्या खाचरांच्या कडेला घर बांधलं आणि तिघं राहायला लागलो. मी स्कूटरने चौक गावातल्या शाळेत जाते, आणि सुट्टीच्या दिवशी कशेळ्याच्या बाजारात, भंगारवाल्यांकडे, नाहीतर कुणी सांगितलेल्या पत्त्यावर घड्याळं बघत फिरते.

या फिरण्यात मला एक गोष्ट फार लवकर कळली. आपल्याकडच्या गावांतली जुनी घड्याळं बहुतेक लग्नातली असतात. नवऱ्यामुलाला सासरकडून घड्याळ, हा रिवाज. त्यामुळे घड्याळ पुरुषाच्या हातावर असलं तरी त्याची मालकीण आत चुलीपाशी असते. सुरुवातीला मी बाहेर पडवीत बसलेल्या बाप्यांशी बोलायचे आणि हात हलवत परत यायचे. मग शहाणी झाले. आता मी सरळ आत जाते, पाणी मागते, आणि बाईशी बोलते.

लोधिवलीला असंच एक घड्याळ मिळालं. जुन्या हायवेवर ट्रक चालवणाऱ्या एका माणसाचं. माणूस जाऊन बराच काळ झाला होता. घड्याळ ऑटोमॅटिक, स्टीलच्या चेनचं, चांगलं जाडजूड. त्याच्या आत अर्धचंद्रासारखं एक वजन असतं. हात हलला की ते गोल फिरतं आणि घड्याळाला आपोआप चावी बसते. हात स्वस्थ राहिला की आतली चावी उतरते आणि घड्याळ थांबतं. त्याच्या बायकोने, त्या मावशींनी, सांगितलं, यांना चावी द्यायची आठवण राहत नसे म्हणून माझ्या भावाने मुद्दाम हे निवडलं होतं. स्टेअरिंगवर हात, त्यामुळे कधी बंद पडलं नाही. घड्याळ माझ्या हातात ठेवताना त्या म्हणाल्या, "नेतेस तर ने. पण बंद ठेवू नको गं."

मी हो म्हणाले आणि आणून कपाटात ठेवलं. छंदी माणसं अशीच असतात.

घड्याळ आणलं की मी आधी त्याचा पट्टा धुते. मऊ ब्रश आणि साबणाचं पाणी. चेनच्या कड्यांमधून जो मळ निघतो तो मला घड्याळापेक्षाही आवडतो असं म्हटलं तर लोक वेडी म्हणतील. गवंड्याच्या घड्याळातून सिमेंट निघतं, शिंप्याच्या घड्याळातून रंगीत तंतू, शेतकऱ्याच्या घड्याळातून माती. लोधिवलीच्या घड्याळातून काळं ग्रीस निघालं, आणि मला उगीचच त्या माणसाशी ओळख झाल्यासारखं वाटलं.

आईला या सगळ्यात एकच गोष्ट खुपायची. बंद घड्याळं. चावीची घड्याळं रोज कोण चालू ठेवणार? कपाटात ती बंदच पडलेली असतात. आणि बंद घड्याळ घरात ठेवू नये, असं आमच्या भागात सगळे म्हणतात. पण आमचं घर बौद्ध. माझ्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून मुहूर्त, नजर, अपशकुन सगळं गाठोडं बांधून घराबाहेर टाकलेलं. बाबा तर त्या बाबतीत फार कडक. काळं मांजर आडवं गेलं तर ते मुद्दाम थांबून त्याला चुचकारायचे. अशा घरात आईने बंद घड्याळाची भीती बोलून दाखवायची तरी कशी? ती म्हणायची, "मी मानत नाय. पण सांगून ठेवते."

"मानत नाहीस तर सांगतेस कशाला?" मी विचारायचे.

"सांगायला काय हरकत हाय?" असं म्हणून ती कामाला लागायची. बाबा वर्तमानपत्राआडून हसायचे.

मग एका सकाळी बाबा परसात वालाच्या वेलांना काठ्या लावत होते आणि काठी त्यांच्या हातातून गळून पडली. ती उचलायला वाकले ते तसेच बाजूला कलंडले. डावी बाजू गेली होती. पनवेलला नेलं, वेळेत नेलं असं डॉक्टर म्हणाले. बोलणं शाबूत राहिलं, जरा जड झालं इतकंच. घरी आणलं तेव्हा डावा पाय काठीच्या आधाराने टेकवत होते. हात मात्र आला नाही.

बाबांना घरी आणल्यावर पहिल्याच दुपारी आई माझ्या कपाटासमोर उभी होती. मला बघून बाजूला झाली. तेवढ्यावरून मला सगळं कळलं. मला आधी राग आला, मग रडू. मी खाली बसून एकेका घड्याळाला चावी देत सुटले. जेवढी चालू होण्यासारखी होती तेवढी सगळी चालू केली. खोलीत टिपटिप पाऊस पडल्यासारखा आवाज सुरू झाला. आई दारात उभी राहून ऐकत होती. आम्ही दोघी काहीच मानत नव्हतो, पण सगळी चालू होईपर्यंत दोघीही तिथून हललो नाही.

कर्जतहून फिजिओथेरपीवाली एक मुलगी आठवड्यातून दोनदा यायची. चुणचुणीत पोरगी, बाबांना आजोबा म्हणायची. ती सांगायची की हात वापरला नाही तर मेंदू त्याला विसरतो. आधी खांदा येतो, मग कोपर, बोटं सगळ्यात शेवटी. म्हणून खांद्यापासून हात हलवायचा, दिवसभर, कंटाळा न करता. पण बाबांना त्या व्यायामाचा अपमान वाटायचा. ज्या माणसाने आयुष्यभर मोठाली चाकं फिरवून पाण्याच्या झडपा उघडल्या, त्याला ती टेबलावर कापड ठेवून "पुसा आजोबा" म्हणायची. ती असेपर्यंत करायचे. गेली की डावा हात मांडीवर. कुणीतरी सांभाळायला दिलेली पिशवी मांडीवर घेऊन बसावं तसे ते त्या हाताला घेऊन बसायचे. मी ओरडायचे. मला ओरडण्याशिवाय दुसरं येतं काय! आई ओरडायची नाही. ती त्यांच्याकडे बघत राहायची आणि ते मला जास्त जड जायचं.

मला लोधिवलीच्या घड्याळाची आठवण झाली ती अशी. ते कपाटात बंद पडलेलं होतं. चावी देऊन चालू होणाऱ्यातलं ते नाही, ते हातावरच चालायचं. मी ते बाबांच्या पुढ्यात ठेवलं, मागचं झाकण उघडून आतलं वजन दाखवलं, आणि सांगितलं की हात हलला तर हे चालेल, नाही हलला तर बंद पडेल. बाबांनी घड्याळ उजव्या हाताने डोळ्यांजवळ नेलं. किती तरी दिवसांनी त्यांच्या तोंडावर मला कामावरचे बाबा दिसले.

"म्हंजे हात हेच जनित्र," ते म्हणाले. "पाणी आलं तर फिरणार."

"हो."

"बांध."

मी बांधलं. जन्मात पहिल्यांदा बाबांच्या हातावर घड्याळ आलं, तेही डाव्या. सकाळी शाळेत जाताना मी ते थोडं हलवून चालू करायचे, वेळ लावायचे आणि त्यांच्या हाताला बांधायचे. संध्याकाळी आल्यावर चपला काढायच्या आधी त्यांच्या मनगटाकडे बघायचे. घड्याळ बंद असायचं. सकाळीच कधीतरी थांबलेलं. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशीही. बाबा माझ्याकडे न बघता म्हणायचे, "पाणी नाय आलं गं."

आईला ते अजिबात आवडलं नाही. एका संध्याकाळी तिने मला आत बोलावलं आणि हळू आवाजात सांगितलं की ते काढून टाक, जिवंत माणसाच्या अंगावर बंद घड्याळ बरं दिसत नाही. मी चिडले. बाबांना ऐकू जाईल इतकं जोरात मी तिला म्हटलं की असलं काही नसतं, हातावर काही उपाय करता येत असेल तर तो हाच आहे.  ती पदराने ओटा पुसत राहिली. ओटा स्वच्छच होता.

त्यानंतर थोड्याच दिवसांत घड्याळ चालायला लागलं.

एका संध्याकाळी घरी आले तर काटे फिरत होते, वेळही बरोबर. मी शाळेच्या बॅगसकट बाबांच्या पायाशी बसले. "आलं की हो पाणी," मी म्हटलं. बाबा हसले, हलकंसं. दुसऱ्या दिवशीही चालू. मग रोजच. मी दुसऱ्याच आठवड्यात शाळेत पेढे नेले. बाबांनी व्यायाम मनावर घेतला, तो या दिवसांतच. टेबल पुसायचे, भिंतीवरून हात वर सरकवायचे, दात-ओठ खाऊन, घामाघूम होईपर्यंत. फिजिओथेरपीवाली मुलगी खूश झाली, पण मी घड्याळाचं सांगितल्यावर तिने भुवया उंचावल्या. खांदा जरा हलतोय, म्हणाली, पण दिवसभर घड्याळ चालेल इतका नाही. ही कालची पोर, हिला काय कळतंय, असं मी मनात म्हटलं.

महिनाभराने मी ते घड्याळ धुवायला घेतलं. परसात बसून, नेहमीसारखं, ब्रश आणि साबणाचं पाणी. चेनच्या कड्यांमधून पांढरा लगदा निघाला. मला वाटलं साबण असेल. पाण्याने धुतलं, परत ब्रश मारला, परत पांढरं. आतल्या बाजूला ते वाळून घट्ट बसलं होतं. नखाने काढून बोटांत चोळलं, नाकाशी नेलं.

तांदळाचं पीठ होतं.

बाबा पिठाच्या आसपासही जात नाहीत. आमच्या घरात पीठ एकाच माणसाच्या हाताला लागतं.

 मी आत जाऊन घड्याळ पुसलं आणि गुपचूप बाबांच्या हाताला बांधलं. पुढच्याच आठवड्यात शाळा लवकर सुटली. मी स्कूटर बांधावरच लावली आणि मागच्या दाराने आले. बाबा जेवून पुढच्या खोलीत आडवे झालेले. स्वयंपाकघरात आई संध्याकाळच्या भाकऱ्या थापत होती. तिच्या उजव्या हातात, बांगड्यांच्या वर, ट्रक ड्रायव्हरचं ते जाडजूड घड्याळ होतं. तिच्या बारीक हातावर ते थापताना कोपरापर्यंत वर जायचं आणि परत मनगटाशी यायचं. ती भाकरीकडे बघत नव्हती. कान देऊन काहीतरी ऐकत थापत होती. भाकरी पार पातळ होऊन कडेला फाटली तरी तिचा हात थांबेना.

तिने मला बघितलं आणि थांबली. पण घड्याळ लपवलं नाही.

"थापताना आतलं ते फिरतं," ती म्हणाली. "मला ऐकायला येतं."

मी तिच्याजवळ पाटावर बसले. कशाला करतेस, असं विचारलं बहुधा. आता नक्की आठवत नाही.

"बंद पडलं का त्यांचं तोंड उतरतं." तिने फाटलेली भाकरी परत गोळा केली. "आन् मला भ्या वाटतं. तू काय म्हणशील ते म्हण. मी मानत नाय, पर भ्या वाटतं."

 माझ्या या आईने क्वार्टर्समध्ये असताना, बाबा रात्रपाळीला गेले की, दोन्ही दारांना कड्या लावून मला पोटाशी घेऊन झोपताना कधी भीती वाटते म्हटलं नव्हतं. मी तिचा पिठाचा हात हातात घेतला. तिने घेऊ दिला, थोडा वेळ. मग म्हणाली, तवा तापलाय.

आता माझीच पंचाईत झाली. खरं सांगावं तर बाबा उमेद सोडतील. न सांगावं तर त्यांना वाटत राहील की हात बरा झाला, आणि एक दिवस ते कापडाने टेबल पुसायचं सोडून देतील. फिजिओथेरपीवाली मुलगी म्हणाली होती ते मला आता आठवत होतं, की सुरुवातीचे महिने गेले की हात मग येत नाही. मी दोन्ही बाजूंनी विचार करायचे आणि काहीच करायचे नाही. आई थापत राहिली. बाबा भिंतीवर हात घासत राहिले. घड्याळ बरोबर चालत राहिलं.

कशेळ्याच्या पुढे माझं आजोळ. तिथे मामाच्या नातवाचं बारसं ठरलं. आई बाबांना सोडून जायला तयार नव्हती, मी शनिवारची रजा टाकली आणि बाबांनीच तिला ढकललं. जाताना तिने मला डोळ्यांनीच घड्याळ दाखवलं आणि हाताने थापायची खूण केली. मी मान हलवली. ती कर्जतहून जीपने गेली, एक मुक्काम करून दुसऱ्या संध्याकाळी येणार होती.

माझ्या भाकऱ्या हा आमच्या घरातला विनोदाचा विषय आहे. तरी मी पाणी उकळलं, पीठ परातीत काढलं, आणि बाबा जेवणानंतर डोळे मिटून पडले तेव्हा त्यांच्या उशाशी गेले. हळूच चेनची कडी सोडायला लागले.

बाबांचा उजवा हात माझ्या हातावर आला. डोळे मिटलेलेच होते.

"राहू दे," ते म्हणाले. "आज भाकरीचं नको."

मी सोडलेली कडी परत लावली.

त्यांनी डोळे उघडले आणि मला बसायला सांगितलं. मग जड जिभेने, सावकाश, त्यांनी सगळं सांगितलं. पहिल्या दिवसापासून त्यांना ठाऊक होतं. आई घड्याळ काढायला यायची तेव्हा ते झोपेचं सोंग घ्यायचे. पाणी नसताना यंत्र फिरत असेल तर वीज दुसरीकडून येत असणार, एवढं त्यांना आयुष्यभराच्या नोकरीत कळलेलं. मग पडल्या पडल्या आतून थापण्याचा आवाज ऐकला. रोजच्यापेक्षा जास्त वेळ, रोजच्यापेक्षा जोरात. सगळं ध्यानात आलं.

"मग तुम्ही बोलला का नाही?" मी विचारलं.

"काय बोलू?" ते म्हणाले. "ती तिकडं माझ्या हाताचं काम करती. मी निस्तं पडून ऐकायचं? तवा म्हटलं, आपणबी हात हलवावा."

आम्ही दोघं एकमेकांकडे बघायचं टाळत बसलो. मला त्या क्षणी त्यांची फार माया वाटली. मी भिऊन होते की खरं कळलं तर हा माणूस प्रयत्न सोडेल. आणि हा माणूस खरं कळल्यामुळेच भिंतीवर हात घासत होता.

"तिला सांगू नकोस गं," ते म्हणाले. "करू दे तिला. आज ती नाय. आज आपलं आपण बघू."

मी परातीतलं पीठ परत डब्यात भरलं आणि संध्याकाळी भात लावला.

घड्याळ त्या दुपारीच बंद पडलं. सकाळी आई गेली तेव्हा त्यात आदल्या दिवशीच्या थापण्याची उरलीसुरली चावी होती, ती संपली. बाबांनी ते बघितलं, मीही. मी म्हटलं, जरा हलवून देऊ का? ते नको म्हणाले. खुर्चीत बसून त्यांनी खांदा पुढे-मागे करायला सुरुवात केली. हात लोंबकळत झुलायचा, विहिरीत सोडलेल्या पोहऱ्यासारखा. थोडं झालं की दम खायचे. परत. मी वह्या तपासायचं नाटक करत समोर बसले. काटा हलायचा, चार पावलं जायचा, थांबायचा. जेवायला बसलो तेव्हा थांबलेलाच होता.  बाबांनी आमटी-भात खाल्ला आणि झोपायच्या आधी परत खांदा हलवला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळपासून त्यांनी तेच लावलं. चहा झाला की खांदा, पेपर वाचून झाला की खांदा. काठी घेऊन अंगणात गेले तर तिथेही डावा हात मुद्दाम झुलवत चालले, शाळेत कवायत करणाऱ्या पोरासारखे. दुपारी मी पुन्हा भात लावला. बाबा म्हणाले, आजारी माणसासारखं रोज काय भात. पण खाल्ला. आणि जेवण झाल्यावर आम्ही दोघांनी घड्याळ कानाशी धरून बघितलं. चालू होतं. वेळ तद्दन चुकीची होती, कारण थांबत थांबत इथवर आलेलं. मी काटे पुढे सरकवायला बटणाला हात लावला.

"हात नको लावू," बाबा म्हणाले.

आई दिवस मावळताना आली. हातात बारशाचे घुगऱ्या-लाडू, पायांवर रस्त्याची धूळ. आधी पाणी पिईल, पिशव्या ठेवेल, तसं काही नाही. ती सरळ बाबांच्या खुर्चीशी गेली आणि त्यांच्या मनगटाकडे बघितलं. सेकंदाचा काटा फिरत होता. मग तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, परत मनगटाकडे. बाबा खिडकीबाहेर खाचरं बघत असल्याचं दाखवत होते.

ती आत आली. मी ओट्याशी होते. तिने पिशव्या खाली ठेवल्या आणि परातीकडे बघितलं. परात घासून भिंतीला टेकवलेली, कोरडी ठणठणीत.

"मागं चाललंय," ती हळू म्हणाली.

"हो."

"तू थापल्यास ना भाकऱ्या?"

"नाही," मी म्हणाले. "दोन्ही दिवस आम्ही भात खाल्ला."

आई माझ्याकडे बघत राहिली. मग तिने पिठाचा डबा उघडला, आत बघितलं, झाकण लावलं. मी खोटं बोलत नाही हे तिला पटलं असावं, कारण ती होती तिथेच, पाट न घेता, जमिनीवर बसली आणि पदर तोंडाला लावला. बाहेरून बाबांनी विचारलं की चहा कोण ठेवतंय. ठेवते मी, असं ती म्हणाली, पण उठली मात्र बऱ्याच वेळाने.